तिसऱ्यांच्या शिंपल्या

काल चौथीच्या वर्गात घरून 'तिसऱ्या' नावाच्या मासळीच्या रिकाम्या शिंपल्या धुऊन नेल्या. "बाई, सगळ्या सारख्याच की!" प्रत्येकाला एक दिली, पाच मिनिटं निरखायला लावली, मग सगळ्या परातीत मिसळल्या. एकोणीसपैकी अठरा जणांनी आपापली बरोब्बर शोधली. एकीने तर कडेवरचा केसाएवढा चरा दाखवला!

मग फळ्यावर ज्याच्या-त्याच्या घरच्या बोलीतले शब्द. आंब्याच्या बागेत राखणीला आलेल्या नेपाळी कुटुंबातला मुलगा दिवाळीपासून गप्पच. मीच एकदा त्याला "नीट बोल" म्हटलं होतं, ते अजून बोचतं. तो हळूच म्हणाला, "आँप." आंब्याला आँप, माशाला माछा. आणि भाताला?

"भात!"

वर्गाने टाळ्यांचा कडकडाट केला.

आज येताच त्याने विचारलं, "बाई, आज कुठला शब्द?"