उजव्या पायाची तक्रार

मालकांची तक्रार विमानाबद्दल नव्हती, पायाबद्दल होती. "तासभर उडवलं की उजवी पोटरी भरून येते. पाय काढला की नाक डावीकडे जातं. मागचा टॅब अजून जरासा वाकवून द्या, म्हणजे सुटलो."

विमान १९४६ सालचं पायपर जे-३ कब. लोखंडी नळ्यांचा सांगाडा, वर कापड, पुढे ६५ अश्वशक्तीचं काँटिनेंटल. नाक वर-खाली ट्रिम करायला, म्हणजे सतत जोर न देता हवं तिथे ठेवायला, डाव्या भिंतीवर फिरवायचं हँडल असतं. रडरसाठी (शेपटीवरचा, पायाने चालवायचा, नाक डावी-उजवीकडे वळवणारा हलता भाग) मात्र पायलटचा पाय हाच ट्रिम. या विमानाच्या रडरच्या कडेला कोणीतरी मागाहून अ‍ॅल्युमिनियमची पट्टी, म्हणजे मालक म्हणत होते तो टॅब, बसवली होती. लॉगबुकात तिची नोंद नव्हती. पट्टी डावीकडे वाकवली की हवा तिला उजवीकडे ढकलते आणि रडरही उजवीकडे जातो. इथे ती आधीच डोळ्यांत भरेल इतकी डावीकडे वाकलेली होती, तरीही मालकांना पाय द्यावाच लागत होता.

मला ते पटेना. टॅब शेवटचा उरलासुरला फरक काढण्यासाठी असतो. एवढा वाकवूनही पुरत नसेल, तर तो भिंतीच्या तड्यावर टांगलेल्या कॅलेंडरचं काम करतोय. शिवाय रडरच्या बिजागरीमागे वजन वाढवणं मला कधीच आवडत नाही; फ्लटरची, म्हणजे हवेत तो भाग आपोआप जोरात फडफडण्याची, भीती तिथूनच सुरू होते.

पट्टी सरळ केली आणि दोघं उडालो. कब एकट्याने उडवताना मागच्या सीटवर बसतात, त्यामुळे मालक मागे आणि मी पुढे. पुढच्या पॅनेलवर कोणीतरी नंतर बसवलेला बॉल होता, म्हणजे वाकड्या काचनळीतली गोळी; ती ज्या बाजूला सरकेल त्या बाजूचा पाय द्यायचा. ताशी ७० मैलांच्या आसपास पाय सोडायला सांगितले. बॉल उजवीकडे सरकला आणि तिथेच बसून राहिला. म्हणजे उजवा पाय हवाच.

आता प्रश्न असा, की हे इंजिनाचं काम की सांगाड्याचं? पायलटच्या जागेवरून पाहिलं तर या इंजिनाचा प्रोपेलर घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतो. त्याची पिळलेली हवा मागे जाऊन फिनला (शेपटीवरच्या उभ्या पात्याला) डावीकडून लागते, शेपूट उजवीकडे ढकलली जाते आणि नाक डावीकडे जातं. (टायगर मॉथच्या जिप्सी मेजर इंजिनाचा प्रोपेलर उलटा फिरतो, त्यामुळे तिथे डावा पाय लागतो. दोन्ही उडवणाऱ्यांची गंमत होते.) जोर पूर्ण आणि वेग कमी असला की हा परिणाम सगळ्यात जास्त. दोष निव्वळ इंजिनाचा असेल, तर थ्रॉटल बंद करून घसरत उतरताना तो जायला हवा, उलट नाक थोडं उजवीकडेही झुकायला हरकत नाही. थ्रॉटल मागे घेतला. बॉल उजवीकडेच.

तेव्हा लक्ष गेलं ते माझ्या गुडघ्यांमधल्या स्टिककडे, म्हणजे पंख झुकवायच्या दांड्याकडे. दोन्ही स्टिक एकमेकींना जोडलेल्या असतात. मागची हलली की पुढची हलते. ती किंचित उजवीकडे होती, आणि सतत. मालकांना म्हटलं, "हात सोडा." त्यांनी सोडला आणि डावा पंख हळूहळू खाली बसायला लागला. त्यांना पत्ताच नव्हता की हातही कामाला लागलाय. पाय दुखतो म्हणून पायाबद्दल बोलत होते.

इथे गुंता सुटला. डावा पंख जड म्हणून स्टिक उजवीकडे. स्टिक उजवीकडे म्हणून डावा एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेचा हलता भाग) खाली. खाली गेलेला एलेरॉन जास्त अडथळा करतो, म्हणून नाक डावीकडे. म्हणून उजवा पाय.

हँगरात शेपूट घोडीवर उचलून विमान उडण्याच्या स्थितीत आणलं, दोन्ही टायरची हवा सारखी केली आणि पाणसळ लावली. विमान समपातळीत असूनही बॉल केसभर उजवीकडे होता, कारण पॅनेलच जरा कलतं होतं. तक्रारीतला थोडा वाटा त्याचाही. मग मॅन्युअलप्रमाणे पंखाच्या बाहेरच्या रिबखाली (फासळीखाली) पाणसळ आणि ठोकळा धरून वॉशआउट, म्हणजे टोकाकडचा कोन कमी करायला पंखाला दिलेला पीळ, मोजला. उजवा बरोबर. डाव्या पंखाची मागची कड टोकाकडे हवी त्यापेक्षा जास्त उचललेली, म्हणजे तिथला कोन कमी आणि उचलही कमी.

कारण मागच्या स्ट्रटच्या (पंखाला खालून आधार देणाऱ्या तिरक्या दांडीच्या) खालच्या फोर्कवर, म्हणजे टोकात आट्यांनी बसवलेल्या दुबेळक्यावर, दिसत होतं. डाव्या फोर्कचे आटे उजव्यापेक्षा बरेच जास्त बाहेर, म्हणजे दांडी लांब आणि पंखाची मागची कड वर. कधीतरी स्ट्रट काढून लावताना फोर्क पूर्वीइतका आत घेतला नसणार. उडण्याच्या दृष्टीने पोटरीपेक्षा मला याचीच काळजी वाटली. आत किमान किती आटे हवेत हे ठरलेलं असतं, आणि पायपरच्या या फोर्कवर अमेरिकेच्या विमान नियामकाचे सक्तीचे तपासणी आदेश आहेत. सुदैवाने आटे पुरेसे होते, तडा नव्हता, गंजही नव्हता.

पंखाला आधार देऊन बोल्ट काढला. फोर्क अर्ध्या फेऱ्याच्या टप्प्यानेच फिरवता येतो, नाहीतर बोल्टचं भोक जुळत नाही. त्यामुळे जुळणी थोडी इकडे किंवा तिकडे राहतेच. माप जमलं, नट आवळले. रडरवरची पट्टी काढूनच टाकली.

पुन्हा उडालो. स्टिक मधोमध, पंख समांतर, आणि बॉल... डावीकडे!

"अहो, पाय काढा."

"पाय कुठे दिलाय?"

मान वळवून मागे पाहिलं. उजवं पेडल दाबलेलं होतं. सवयीने. त्यांनी दोन्ही पाय उचलून मला दाखवले आणि बॉल मधोमध आला. चढताना उजवा पाय अजूनही लागतो. तेवढा कबला द्यावाच लागतो. लॉगबुकात फोर्कचे अर्धे फेरे, पॅनेलची दुरुस्ती आणि पट्टी काढल्याची नोंद केली, तोवर मालक पुढच्या शनिवारचं हवामान बघत होते.