वरच्या कोपऱ्यातलं नाव

(माजी विद्यार्थिनी, दहावी १९८९)

अमृतमहोत्सवाच्या स्मरणिकेसाठी लिहा असा मेसेज बॅचच्या ग्रुपवर आला आणि सगळ्यांना काय काय आठवायला लागलं, कुणाला स्नेहसंमेलन, कुणाला गणिताच्या बाई, कुणाला गेटबाहेरचे आवळे, आणि माझ्या डोळ्यांसमोर आली ती दुसऱ्या मजल्यावरची जिन्याशेजारची खोली, जिथे मंगळवारी आणि शुक्रवारी शाळा सुटल्यावर व्हायोलिनचे सर यायचे. आम्ही सहाच जण होतो. गिरगावातल्या मराठी शाळेत तेव्हा विलायती नोटेशनवरून व्हायोलिन शिकवलं जात होतं हे आता सांगितलं तर लोकांना खरं वाटत नाही, पण होतं, आणि फी अगदी नावापुरती होती.

सर मूळचे गोव्याचे, चर्चच्या शाळेत लहानपणी नोटेशन शिकलेले, मुंबईत सिनेमाच्या गाण्यांना वाजवायचे. दिवसभर ताडदेवला रेकॉर्डिंग करून दमून यायचे, व्हायोलिनच्या पेटीला चिकटलेली रोझिनची, म्हणजे बोला लावायच्या राळेची, पांढरी पावडर फडक्याने पुसायचे आणि मग आमच्यासमोर झेरॉक्स ठेवायचे. ते झेरॉक्स म्हणजे झेरॉक्सचं झेरॉक्स, पाचही रेघा जेमतेम दिसायच्या. क्रॉइट्झर नावाच्या जुन्या व्हायोलिनवादकाचे एट्यूड, म्हणजे बोटांची आणि बोची (गजाची) तालीम करून घेणारे धडे. क्रॉइट्झरचं नाव मोठ्या अक्षरात, आणि वर कोपऱ्यात बारीक अक्षरात अजून एक नाव, एफ. डेव्हिड. सर म्हणायचे की ते वर-खाली बाण-टोप्या आणि आकडे दिसतात ना, कुठल्या सुराला कुठलं बोट, कुठे बो वर न्यायचा, कुठे खाली ओढायचा, ते सगळं या माणसाने लिहिलंय. बास, एवढंच. आम्हाला तो वांद्र्याचाच कुणीतरी वाटायचा.

त्या नावाचा माणूस मला भेटला तो फार उशिरा, २०१४ साली नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही जर्मनीत लाइपझिगला राहायला आलो तेव्हा. इथे त्याला डाविड म्हणतात, फेर्डिनांड डाविड. आणि हे गाव त्याचंच निघालं! म्हणून शाळेबद्दल लिहायला बसले तरी अर्धंअधिक त्याच्याबद्दलच लिहिणार आहे, सरांना ते आवडलं असतं याची मला खात्री आहे.

डाविडचा जन्म हॅम्बर्गचा, १८१० चा, आणि ज्या घरात तो जन्मला त्याच घरात आदल्या वर्षी मेंडेल्सन जन्मला होता. मेंडेल्सन मोठ्या बँकरच्या घरातला, सगळ्या युरोपात नाव झालेला संगीतकार. डाविडचं तसं नाव झालं नाही, पण पुढे दोघांची जी मैत्री जमली ती मेंडेल्सनच्या मरणापर्यंत टिकली. तेराव्या वर्षी डाविड कासेलला श्पोरकडे शिकायला गेला, श्पोर म्हणजे तेव्हाचा जर्मनीतला सगळ्यात मोठा व्हायोलिनिस्ट. दोन वर्षं तिथे काढली, मग बहिणीबरोबर दौरे केले (ही बहीण लुईझ पियानो वाजवायची, पुढे लंडनला गेली आणि व्हिक्टोरिया राणीला तिने शिकवलं), मग बर्लिनला एका थिएटरच्या ऑर्केस्ट्रात तीन वर्षं साधी नोकरी. त्यानंतर थेट दोर्पात, म्हणजे आताच्या एस्टोनियातलं टार्टू, तिथल्या एका बॅरनच्या घरच्या चौकडीत (चार तंतुवाद्यांच्या मेळात) पहिलं व्हायोलिन. त्या बॅरनच्या मुलीशीच त्याने लग्न केलं.

१८३५ मध्ये मेंडेल्सन लाइपझिगच्या गेवांडहाउस ऑर्केस्ट्राचा प्रमुख झाला. गेवांडहाउस म्हणजे कापडाच्या व्यापाऱ्यांचं घर, त्याच्या वरच्या मजल्यावर जेमतेम पाचशे माणसांचा हॉल. पुढच्याच वर्षी त्याने डाविडला तिथे कॉन्सर्टमास्टर म्हणून आणलं, आणि १८३६ पासून १८७३ पर्यंत, म्हणजे सदतीस वर्षं, डाविड त्याच खुर्चीवर राहिला. खुर्ची आपली म्हणायला, कारण तिथले व्हायोलिनवाले तेव्हा उभं राहून वाजवायचे.

कॉन्सर्टमास्टर काय करतो हे सांगायला हवं, कारण मलाही ते इथे आल्यावर नीट कळलं. मी इथल्या एका हौशी ऑर्केस्ट्रात सेकंड व्हायोलिनला मागच्या रांगेत बसते. तिथून कंडक्टर लांब दिसतो, पण खरं बघायचं असतं ते पहिल्या स्टँडवरच्या माणसाच्या बोकडे. तो बो उचलतो तेव्हा आपण श्वास घ्यायचा. कुठला सूर खालच्या बोने, कुठला वरच्या, हे त्याने आधी ठरवून सगळ्यांच्या कागदावर पेन्सिलने लिहिलेलं असतं, म्हणून पंधरावीस हात एकाच दिशेला जातात आणि आवाज एक येतो. प्रेक्षकांना यातलं काही दिसत नाही. मेंडेल्सनने छडी हातात घेऊन उभं राहून कंडक्ट करायची पद्धत लाइपझिगला पक्की केली, त्याआधी सिम्फनी चालवायची ती कॉन्सर्टमास्टरनेच, व्हायोलिन वाजवता वाजवता. म्हणजे डाविड आला तेव्हा त्याच्या जागेचा मान एका अर्थी कमी झाला होता, तरी त्याने ती जागा अशी सांभाळली की कंडक्टर बदलत गेले, मेंडेल्सन, हिलर, गाडे, रीट्झ, राइनेके, आणि पहिल्या स्टँडवर हाच. शुबर्टची मोठी सी मेजर सिम्फनी १८३९ मध्ये जगात पहिल्यांदा वाजली ती याच हॉलमध्ये, शुबर्टच्या मरणानंतर दहा वर्षांनी, आणि त्या दिवशी व्हायोलिनवाल्यांच्या पुढे डाविड होता.

आता मेंडेल्सनच्या कॉन्चेर्टोबद्दल, म्हणजे एक सोलो वाद्य आणि सोबत ऑर्केस्ट्रा अशा रचनेबद्दल. १८३८ च्या जुलैमध्ये मेंडेल्सनने त्याला पत्र लिहिलं की तुझ्यासाठी व्हायोलिनचा कॉन्चेर्टो करावासा वाटतोय, ई मायनरमधला, त्याची सुरुवात डोक्यात घोळतेय आणि मला चैन पडू देत नाही. तिथून तो पूर्ण व्हायला सहा वर्षं लागली. मधे सतत विचारणा, हे हाताला बसतं का, हे वाजेल का, आणि डाविडची उत्तरं. कॅडेन्झा म्हणजे जिथे सोलो वाजवणारा एकटाच आपली करामत दाखवतो, त्यावर तर त्याचा हात चांगलाच फिरलाय. १३ मार्च १८४५ ला लाइपझिगला तो पहिल्यांदा वाजला, सोलो डाविडचा, आणि मेंडेल्सन आजारी म्हणून कंडक्टर गाडे.

त्या कॅडेन्झाच्या शेवटी एक जागा आहे, ती कानात साठवून ठेवण्यासारखी आहे. व्हायोलिनचा बो चारही तारांवर उड्या मारत असतो, मनगट सैल सोडायचं, बोला त्याच्या वजनाने उसळू द्यायचं, वर जाताना चार सूर आणि खाली येताना चार, अशी सुरांची माळ चालू. आणि ती तशीच चालू असताना मागून ऑर्केस्ट्रा हळूच सुरुवातीची ओळ उचलतो. म्हणजे इतका वेळ ज्याच्याकडे सगळ्यांचं लक्ष होतं तो आता साथीला बसतो आणि मुख्य गाणं मागचे लोक गातात. मी ही जागा पहिल्यांदा प्रत्यक्ष ऐकली ती इथल्या आताच्या गेवांडहाउसमध्ये आणि मला रडू आलं, कारण हे ऑर्केस्ट्रात आयुष्य काढलेल्या माणसासाठी लिहिलेलं आहे असं वाटलं, आणि सर आठवले. शंभर गाण्यांत त्यांचं व्हायोलिन असेल, रेकॉर्डवर नाव कुठेच नाही.

शुमान या संगीतकारानेही डाविडला व्हायोलिन-पियानोचा एक सोनाटा अर्पण केलाय, १८५१ चा, त्याच्या सुरुवातीला डी-ए-एफ-डी असे सूर येतात. हे डाविडचंच नाव. व्ही आणि आय नावाचे सूर नाहीत, आणि जर्मनमध्ये व्ही चा उच्चार फ होतो म्हणून एफ.

पण मला सगळ्यात जवळचा वाटतो तो शिक्षक डाविड. १८४३ च्या एप्रिलमध्ये मेंडेल्सनने लाइपझिगला कॉन्झर्वेटरी, म्हणजे संगीताची शाळा, काढली, गेवांडहाउसच्याच आवारात, आणि व्हायोलिन डाविडकडे आलं. म्हणजे सकाळी विद्यार्थी, मग तालीम, संध्याकाळी ऑपेरा किंवा कॉन्सर्ट (हाच ऑर्केस्ट्रा ऑपेरालाही वाजवायचा), जमेल तेव्हा चौकडी. त्याच वर्षी बारा वर्षांचा योआखिम आला, पुढे मोठा व्हायोलिनिस्ट झालेला. मेंडेल्सनने त्याचं वाजवणं ऐकलं आणि म्हणाला याला कॉन्झर्वेटरीत घालायची गरजच नाही, डाविडने त्याच्यावर नजर ठेवावी. दोनच वर्षांनी ड्रेस्डेनला पियानो वाजवणारी क्लारा शुमान आजारी पडली म्हणून ऐनवेळी या चौदा वर्षांच्या मुलाने मेंडेल्सनचा तो कॉन्चेर्टो वाजवला. गुरूने मार्चमध्ये पहिल्यांदा वाजवलेली चीज, शिष्याने नोव्हेंबरमध्ये. पुढे विल्हेल्मी आला, ज्याने एकाच ‘जी’ तारेवर बसवलेली बाखची ‘एअर’ अजून वाजवतात. आणि आला हॅम्बर्गचाच श्राडिक! ज्यांनी सरांकडे शिकलंय त्यांना श्राडिकचे धडे म्हटल्यावर बोटं दुखल्याची आठवण येईल, एकाच तारेवर एकच ओळ दहा वेळा, बोटं न उचलता. डाविड गेल्यावर पुढच्या वर्षी हाच श्राडिक गेवांडहाउसचा कॉन्सर्टमास्टर झाला. डाविडचं ग्वार्नेरी (जुन्या इटालियन कारागिराचं) व्हायोलिन पुढे विसाव्या शतकातल्या नामवंत व्हायोलिनिस्ट हायफेट्झकडे गेलं, आणि हायफेट्झ म्हणजे आउअरचा शिष्य, आउअर योआखिमचा, योआखिम डाविडचा. वाद्य असं फिरून घरातच परत आलं.

डाविडवर टीकाही खूप झालीय आणि ती काही अगदी खोटी नाही. जुन्या इटालियन आणि जर्मन चिजा त्याने शोधून छापल्या त्यात स्वतःचं भरपूर घातलं, सूर जाड केले, कॅडेन्झा चिकटवल्या. विटाली या जुन्या इटालियन संगीतकाराच्या नावाची शाकोन (एकाच छोट्या सुरावटीवर फिरत राहणारी चीज) त्याने १८६७ मध्ये छापली ती खरंच विटालीची का, यावर अजून वाद होतात. मला स्वतःला त्याचं हे काम जरा जास्तच सजवलेलं वाटतं. पण म्हणून तो बेपर्वा होता असं मी म्हणणार नाही, आणि त्याचं कारण एक पान आहे.

१८४३ मध्ये त्याने बाखचे एकट्या व्हायोलिनसाठीचे सोनाटा आणि पार्टिटा कॉन्झर्वेटरीच्या मुलांसाठी छापले. तोवर ही चीज लोकांसमोर वाजवायची असते असं फारसं कुणाला वाटत नव्हतं, १८४० मध्ये त्याने त्यातली बाखची शाकोन कॉन्सर्टमध्ये वाजवली ती मेंडेल्सनला पियानोवर साथीला घेऊन. तर या पुस्तकात त्याने बोटं घातली, बो घातले, सगळं केलं, आणि पहिल्याच पानावर लिहिलं की ज्यांना स्वतःच्या खुणा स्वतः करायच्या आहेत त्यांच्यासाठी बाखच्या हस्तलिखितावरून तपासलेला मूळ मजकूर बारीक अक्षरात सोबत दिलाय. आणि खरंच आत प्रत्येक ओळीला दोन ओळी, वर डाविडची, खाली बारीक सुरांत नुसता बाख. माझं हे पटत नसेल तर खाली मूळ आहे, बघ आणि तुझं तू ठरव, असं १८४३ सालचा मास्तर पोरांना छापून सांगतोय. मी ते पान कॉम्प्युटरवर पहिल्यांदा उघडलं तेव्हा कितीतरी वेळ तसंच बघत बसले.

कारण आठवीत असताना हेच मी ऐकलं होतं. क्रॉइट्झरच्या एका धड्यात एका सुरावर ४ लिहिलेला, म्हणजे करंगळी, आणि माझी करंगळी तिथे पोचायचीच नाही. मी रोज प्रयत्न करायचे, सूर रोज खाली लागायचा. एका शुक्रवारी सरांनी माझा पंजा उलटा करून बघितला, आपल्या पंजावर ठेवून मापला आणि म्हणाले, “डेव्हिडसाहेबांना काय माहीत, गिरगावातली एवढीशी पोरगी हे वाजवणार आहे म्हणून? खोड तो चार. वर सरक, तीन घाल. मोठी झालीस की परत चार लिही.” मग खिशातून खोडरबर काढून मला दिलं, स्वतः नाही खोडलं, मलाच खोडायला लावलं.

डाविड १८७३ च्या जुलैमध्ये गेला, स्वित्झर्लंडला क्लोस्टर्सजवळ मुलांबरोबर डोंगरात फिरायला गेला असताना, त्रेसष्टाव्या वर्षी, नोकरीत असतानाच. आपले सर माझी दहावी झाल्यावर दोन वर्षांनी गोव्याला परत गेले आणि मग व्हायोलिनचा वर्गही थांबला. स्मरणिकेच्या कमिटीने फोटो मागितलाय पण सरांचा एकही फोटो माझ्याकडे नाही, बाकीच्या पाच जणांनाही विचारलं, कुणाकडेच नाही. क्रॉइट्झरचं ते झेरॉक्स मात्र आहे, ते स्कॅन करून पाठवलंय. नीट छापलं गेलं तर वर कोपऱ्यात एफ. डेव्हिड दिसेल, आणि तिसऱ्या ओळीत कागद थोडा खरवडलेला आहे तिथे खोडलेला ४, त्याच्यावर माझ्या अक्षरातला ३, आणि त्याच्या शेजारी नंतर कॉलेजात असताना मीच पुन्हा लिहिलेला ४.