जॅकेट घेताना आधी ऐकायचं
दुकानात जॅकेट हातात आलं की मी आधी बाही चुरगाळून कानाशी धरतो. दुकानदार बघत राहतो, बघू दे. आम्ही जंगलात प्राण्यांचे फोटो काढणारे, कागदासारखं चरचरणारं कापड आमच्या कामाचं नाही. दाजीपूरच्या अभयारण्यात समोर गवा उभा असताना कोपर हललं तरी त्याचे कान टवकारतात. खिशाला वेलक्रो असेल तर विषयच संपला. (आमचं शूटिंग कॅमेऱ्याचं हं. शिकारीला बंदी आहे, हे काही पाहुण्यांना अजून सांगावं लागतं.)

नेमबाजीचं जॅकेटही नको. २०२४ ला पॅरिसमध्ये कांस्य जिंकणाऱ्या आपल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेच्या अंगात असतं ते कॅनव्हास-चामड्याचं, अंग स्थिर राहावं म्हणून ताठ शिवलेलं. रेंजवर ठीक, करवंदीच्या जाळीत काय करणार?

तिथं रिपस्टॉप नायलॉन. निरखून बघा, जाड धाग्याच्या बारीक चौकटी दिसतील. काटा घुसला तरी फाटणं चौकटीपाशी अडतं. शेकोटीची ठिणगी मात्र भोक पाडणारच, तिथं जुना स्वेटर बरा.

राधानगरीच्या पावसाला लेबलवर १०,००० मिमी तरी हवं (हा पावसाचा आकडा नाही, कापड पाण्याचा किती दाब अडवतं त्याचं माप). जॅकेट उलटं करून शिवणीवर टेप आहे का बघा, नसेल तर सुईच्या भोकांतून पाणी झिरपतं. काखेत झिप हवीच, नाहीतर चढणीला माणूस घामानंच भिजतो.

माप एक नंबर मोठं घ्या. आत स्वेटर बसला पाहिजे, आणि सर आली की पोटाशी कॅमेराही.