तुम्ही विचारलंत म्हणून: पोर्शेत बसल्यावर काय वाटलं

माझ्याकडे गाडी शिकायला येणाऱ्या निम्म्या लोकांना कुठून तरी कळलेलं असतं की मॅडम एकदा पोर्शेत, त्या वेगवान जर्मन गाडीत, बसल्यात, आणि मग दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सिग्नलला उभं असताना प्रश्न येतोच, "मॅडम, कसं वाटलं हो बसल्यावर? चालवलीत पण का नुसत्याच बसलात?" मी तोंड उघडेपर्यंत सिग्नल सुटतो, मागचे हॉर्न मारायला लागतात, समोरच्याचा पाय क्लचवरून सटकतो, गाडी बंद पडते आणि उत्तर राहून जातं. म्हणून आज सगळं नीट सांगते, कारण "भारी वाटलं" एवढ्यावर भागवायची ही गोष्टच नाहीये.

आधी हे लक्षात घ्या की मी दिवसभर डावीकडे बसते. दादरला आमची मोटार ट्रेनिंग स्कूल, एल लावलेली वॅगनआर, माझ्या पायाशी जादा क्लच आणि ब्रेक, आणि स्टिअरिंग कायम दुसऱ्याच्या हातात. त्यामुळे गाडीकडे बघायची माझी नजर वेगळी झालीये. गाडी बाहेरून कशी दिसते हे मला फार नंतर सुचतं, आधी बघते की आत बसणाऱ्याला काय दिसतंय, पाय कुठे पोचतोय, हात कुठे टेकतोय.

आणि पोर्शेची आवड लागली तीसुद्धा आतल्याच फोटोमुळे. रुइया कॉलेजात होते तेव्हा किंग्ज सर्कलच्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांच्या ढिगात परदेशी गाड्यांची मासिकं मिळायची, त्यातल्या एकात पोर्शे ९११ च्या डॅशबोर्डचा पानभर फोटो होता. पाच गोल मीटर एका ओळीत, एकमेकांना चिकटलेले, आणि सगळ्यात मोठा, मधोमध, तो स्पीडचा नाही तर आरपीएमचा. मला तेव्हा कळेचना की स्पीड सोडून हे काय मधे ठेवलंय. मग शोधत गेले आणि कळलं की रेसमध्ये चालवणाऱ्याला किती वेगात चाललोय यापेक्षा इंजिन किती फिरतंय, गिअर कधी बदलायचा, हे आधी बघावं लागतं. ते पान मी बरीच वर्षं जपून ठेवलं होतं. २००२ साली सचिनने ब्रॅडमनच्या २९ शतकांची बरोबरी केल्यावर त्याला ती लाल फेरारी ३६० मोडेना मिळाली, फेरारीच्या रेस ड्रायव्हर शुमाकरने चावी दिली, तेव्हा आमच्या अख्ख्या बिल्डिंगला फेरारीचं वेड लागलं होतं, आणि सचिनसाठी जीव टाकणारी मी, तरी गाडी मात्र मला ९११ च हवी होती.

थोडी माहिती देते, नाहीतर पुढचं कळणार नाही. ९११ पहिल्यांदा दाखवली १९६३ साली फ्रँकफर्टच्या मोटार शोमध्ये, तेव्हा तिचं नाव ९०१ होतं. मधे शून्य असलेले तीन आकडी नंबर आमचे आहेत असं प्यूजो या फ्रेंच गाडी कंपनीने म्हटल्यावर नाव ९११ केलं. आकार काढला फर्डिनंड अलेक्झांडर पोर्शे यांनी, आणि आजची ९११ त्या पहिलीशेजारी उभी केली तरी कोणीही सांगेल की एकाच घरातल्या आहेत. इंजिन मागच्या चाकांच्याही मागे, सहा सिलिंडरचं, तीन इकडे तीन तिकडे असं आडवं पडलेलं. डिकी पुढे.

तर झालं असं की एक डॉक्टर ताई माझ्याकडे आल्या. गाडी त्यांना उत्तम येत होती पण कायम ऑटोमॅटिक चालवलेली. वडील गेले, त्यांची ९११ मागे राहिली, ९९७ म्हणतात त्या पिढीतली कॅरेरा एस, ३.८ लिटर, ३५५ हॉर्सपॉवर, सहा गिअरची मॅन्युअल. भाऊ परदेशात, गाडी विकायला ताईंचं मन होईना, आणि क्लचची सवय नाही. त्यांनी फोनवर "पोर्शे" म्हटल्यावर मी किती वेळ गप्प होते माहीत नाही, त्यांनीच विचारलं, "मॅडम, आहात ना?"

प्रभादेवीला त्यांच्या बिल्डिंगच्या पोडियम पार्किंगमध्ये गाडी उभी होती. करड्या रंगाची. कव्हर काढलं तर टप जेमतेम माझ्या खांद्यापर्यंत, एवढी बुटकी. आणि लहान! फोटोत बघून वाटतं केवढी असेल, पण लांबीला ती होंडा सिटीपेक्षा कमी आहे. ताई म्हणाल्या, "आधी तुम्हीच बसा, बाबा कसे बसायचे ते मला आठवतच नाहीये." मी हँडल ओढलं तर दार उघडायच्या आधी काच आपणहून बोटभर खाली सरकली, दाराला वरची चौकट नाही ना, काच थेट रबरात बसते म्हणून, आणि दार लावल्यावर तीच काच परत वर जाऊन घट्ट बसली आणि पार्किंगमधला सगळा आवाज बंद. कोणाच्या तरी ड्रायव्हरचा रेडिओ चालू होता, तोही बंद.

बसायची पद्धत पण वेगळी. वॅगनआरमध्ये आपण सरळ आत शिरतो, इथे आधी खाली बसायचं, मग पाय आत घ्यायचे. बसले, आणि सवयीने सीट लावायला घेतली, कारण हाच माझा पहिला धडा असतो सगळ्यांना, क्लच पूर्ण दाबल्यावर गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे, मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर टेकलं पाहिजे आणि पाठ सीटला लागलेली. रोज माझं यात आयुष्य जातं, कोणाचा पाय पोचत नाही म्हणून उशी, कोणाला बॉनेटच दिसत नाही म्हणून अजून एक उशी. इथे सीट एकदा पुढे घेतली, पाठ जरा सरळ केली, स्टिअरिंग थोडं स्वतःकडे ओढलं आणि सगळं जिथल्या तिथे आलं, पाय, मनगट, खांदे, नजर. मी पाच फूट दोन इंच. ही गाडी माझ्यापेक्षा कितीतरी उंच जर्मन पुरुषांनी बनवलेली, आणि तरी मी तिच्यात बरोबर बसले, कुठेही उशी न घेता. डोळ्यांत पाणी आलं ते इथे.

मग पुढे बघितलं. हे मला सगळ्यात जास्त सांगायचंय, कारण हे कुठल्याच फोटोत येत नाही. काचेतून समोर दोन उंचवटे दिसतात, उजवीकडे एक आणि डावीकडे एक, ते म्हणजे हेडलाइटवरचे मडगार्ड, आणि मधलं झाकण त्यांच्यापेक्षा खाली. म्हणजे गाडीचे दोन्ही कोपरे तुम्हाला बसल्या जागेवरून दिसत राहतात. मुंबईत गाडी शिकवताना सगळ्यात अवघड काय असेल तर डावीकडचा अंदाज. बसच्या आणि हातगाडीच्या मधून काढताना माणसाला आपली डावी बाजू कुठे संपते तेच कळत नाही, आणि हल्लीच्या गाड्यांमधून तर बॉनेट दिसतच नाही, सगळं अंदाजपंचे. इथे तो डावा उंचवटा सरळ सांगतो की बाई, तुझं डावं चाक इथे आहे. एवढी वेगाची म्हणून नावाजलेली गाडी आणि तिने सगळ्यात आधी काळजी कसली घेतलीये तर चालवणाऱ्याला दिसण्याची! लोक हॉर्सपॉवर विचारतात मला, पण मी या दोन उंचवट्यांच्या प्रेमात आहे.

चावीचं पण सांगते. ९११ ची चावी स्टिअरिंगच्या दाराकडच्या बाजूला असते. तिकडच्या गाड्यांत ती डावीकडे येते, आपल्याकडे उजवीकडे. पूर्वी फ्रान्समधल्या ल मान्सच्या रेसमध्ये ड्रायव्हर रस्त्याच्या पलीकडे उभे राहायचे, झेंडा पडला की धावत येऊन गाडीत उडी मारायची, १९६९ पर्यंत असंच चालायचं, तेव्हा एका हाताने चावी फिरवता फिरवता दुसऱ्या हाताने गिअर टाकता यावा म्हणून ही जागा, असं सांगितलं जातं. मी उजव्या हाताने चावी फिरवली आणि डावा हात आपोआप गिअरवर गेला.

आवाज मागून येतो. आयुष्यभर पुढून इंजिन ऐकायची सवय, इथे समोर शांतता आणि पाठीमागे एक खरखरीत, भरदार गुरगुर, जी पाठीला आधी कळते आणि कानाला नंतर. मधला काटा वर जाऊन खाली आला, बाकीचे चार मीटर जागे झाले. ताई बाजूच्या सीटवर रडत होत्या, त्यांना तो आवाज म्हणजे बाबा घरी आले. आम्ही दोघी पाच-दहा मिनिटं तशाच बसून होतो, कोणी काही बोललं नाही.

हो, चालवली पण. त्या दिवशी नाही, आधी ताईंना वॅगनआरवर हाफ क्लच पक्का करून दिला, मग एका रविवारी पहाटे वरळीहून कोस्टल रोडने मरीन ड्राइव्हपर्यंत मी नेली आणि येताना त्यांनी आणली. तिथे सरळ रस्त्यावर मर्यादा ८० ची आणि बोगद्यात ६० ची आहे आणि आम्ही ती पाळली. रात्री-अपरात्री तिथे गाड्या पळवून ब्रीच कँडीच्या लोकांची झोप मोडणाऱ्यांबद्दल मला अजिबात प्रेम नाही. २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला दोन तरुण इंजिनिअर पोर्शेच्या धडकेत गेले, ती बातमी वाचून मी दिवसभर अस्वस्थ होते, आणि माझ्याकडे कोणी सतरा वर्षांच्या मुलाला "जरा हात बसवून द्या" म्हणत घेऊन आलं तर मी दारातूनच परत पाठवते, कोणाचाही मुलगा असो.

८० वर ती गाडी जेमतेम श्वास घेत असते. पण क्लच कुठे पकडतो ते पायाला स्पष्ट कळतं, आणि रस्त्यातला जोड, पट्टा, खडबडीतपणा सगळं स्टिअरिंगमधून हातात येतं. साठ टक्क्यांहून जास्त वजन मागच्या चाकांवर आहे, त्यामुळे ॲक्सिलरेटर दिला की मागून ढकलल्यासारखी निघते, आणि त्याच कारणाने वळणावर वेगात असताना घाबरून एकदम पाय काढला तर मागचा भाग बाहेर जायला बघतो. ताईंना मी हेच चार-चार वेळा सांगितलं, वेग वळणाच्या आधी कमी करायचा, वळणात नाही. खरं तर हे सगळ्याच गाड्यांना लागू आहे, ही फक्त जास्त स्पष्टपणे शिकवते.

त्रास काय? टायरचा आवाज आत खूप येतो. आपल्याकडचे स्पीडब्रेकर, त्यातले सोसायटीवाल्यांनी स्वतः बांधलेले तर विचारूच नका, पुढच्या बंपरची खालची कड घासायची भीती असते म्हणून तिरकी काढावी लागते. पावसाळ्यात ताई ती बाहेर काढत नाहीत आणि बरोबर करतात.

आता उरलेला प्रश्न, तो पण नेहमी येतो, "मॅडम, पैसे असते तर कुठली घेतली असतीत?" नवी आता दोन कोटींच्या वर जाते, आणि नवी मला नकोच. हीच, ९९७, मॅन्युअलच, साधी कॅरेरा चालेल, मागे मोठा पंख वगैरे नको, स्टिअरिंगवर बटणं नकोत. आणि कव्हरखाली ठेवणार नाही, रोज वापरेन, सकाळी प्लाझा सिनेमासमोरच्या मार्केटमधून भाजी आणायला सुद्धा, डिकी पुढे आहे त्यात दोन पिशव्या आरामात मावतात. मागच्या दोन सीट लहान मुलांपुरत्याच आहेत आणि माझी मुलगी आता आठवीत गेली, त्यामुळे ती पुढे बसेल. आईला मात्र वॅगनआरनेच न्यावं लागेल, तिला इतक्या खाली बसून परत उठता येत नाही.