कुलूप नसलेलं कपाट

आमच्या कॉलनीच्या बागेत कडुनिंबाखाली एक लोखंडी कपाट उभं आहे. काचेच्या दाराचं, चार खणांचं. त्यावर लिहिलंय, ‘आवडलं तर न्या, वाचून झालं की ठेवा.’ ना रजिस्टर, ना वर्गणी, ना कुलूप.

१९६७ च्या ग्रंथालय कायद्यापासून महाराष्ट्रात वाचनालयांना अ, ब, क, ड असे वर्ग मिळतात. आमचं कपाट ‘ड’ मध्येही बसायचं नाही. अंगणात पुस्तकांची पेटी ठेवायची कल्पना टॉड बोल नावाच्या माणसाने २००९ साली अमेरिकेत, विस्कॉन्सिनमध्ये, शिक्षिका असलेल्या आईच्या आठवणीसाठी राबवली. पण ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ म्हणणाऱ्यांना विस्कॉन्सिनचं काय कौतुक? आमचं गणेश वाचनालयच १९०१ सालचं, निजामाच्या राजवटीतलं.

लहानपणी मी ज्या वाचनालयात जायचो तिथं पुस्तकं जाळीच्या कपाटात आणि किल्ली ग्रंथपालांच्या करगोट्याला. नाव सांगायचं, ते चष्म्यावरून बघायचे आणि म्हणायचे, “हे तुझ्या वयाचं नाही.” पुस्तकाआधी माणूस तपासला जायचा.

इथं कुणी तपासत नाही, त्यामुळे लोक घरातलं नको ते आणून ठेवतात. दहावीची गाइडं, पोलीस भरतीचे प्रश्नसंच, मागच्या सालचं पंचांग, मलपृष्ठ नसलेले दिवाळी अंक. एका अंकाच्या कथेखाली पेन्सिलीनं यादी होती : शेंगदाणे १ किलो, गूळ अर्धा, मिरची पावडर. कथेपेक्षा यादी खमंग होती, हे कबूल करतो. प्रश्नसंच मात्र टिकत नाहीत. पहाटे ग्राउंड मारून आलेली भरतीची पोरं घाम पुसत तिथंच बाकावर बसून सोडवतात.

मे महिन्यात दुपारी त्या पत्र्याला हात लावायची सोय नसते. पावसाळ्यात खालच्या खणातली पुस्तकं पुरीसारखी फुगतात. वाळवीनं एक अख्खा शब्दकोश ‘क’ पासून खायला घेतला होता.

मीही एक जाडजूड कादंबरी नेऊन ठेवली. खरं सांगायचं तर साठाव्या पानापुढं ती मला रेटेना. दानशूरपणाचा आव आणून मधल्या खणात उभी केली आणि रोज फिरताना बघू लागलो, कुणी नेली का. चौथ्या दिवशी गायब.

“काय हुडकायलाव, सर?” बागेतल्या वॉचमन मामांनी विचारलं.

“एक पुस्तक ठेवलं होतं.”

“मग गेलं आसंल की. ठेवलं म्हणल्यावर जाणारच.”

रद्दीत गेलं असेल, असं मी मनाशी धरलं. वरचेवर तिकडं बघायचंही सोडलं.

दिवाळीच्या तोंडावर ते परत आलं. पाठीला चिकटपट्टी, कोपऱ्यावर चहाचा गोल डाग, आणि आत खुणेला एसटीचं तिकीट. छपाई निम्मी उडालेली, ‘जिंतूर’ तेवढं वाचता येत होतं. तिकीट होतं एकशे बाराव्या पानावर. म्हणजे जिंतूरच्या बसमध्ये हेलकावे खात कुणीतरी माझ्यापेक्षा बावन्न पानं पुढं गेलं होतं, आणि तिथं बहुधा त्याचंही माझ्यासारखंच झालं होतं.

तिकीट तसंच राहू दिलं, पुस्तक पिशवीत टाकलं. सध्या एकशे चारवर आहे.