इन्सुलिनची गोळी: ॲसिडपेक्षा मोठी अडचण पुढे आहे

इन्सुलिनची गोळी का नाही निघत, हा प्रश्न रोज सुई टोचून घेणारा प्रत्येक माणूस कधी ना कधी विचारतोच, आणि उत्तर मिळतं की पोटात गेलं की ते पचून जातं. खरंय ते, इन्सुलिन म्हणजे 51 अमिनो ॲसिडचं प्रोटीन, पेप्सिन आणि ट्रिप्सिन ही पचनाची एन्झाइम त्याचे तुकडे पाडतात. पण माझ्या मते ही अडचण त्यातल्या त्यात सोपी आहे.

पॉलिमरच्या (लांब साखळीसारख्या रेणूंच्या पदार्थाच्या) नॅनोपार्टिकलमध्ये, म्हणजे अतिसूक्ष्म कणात, इन्सुलिन कोंडायचं, वरून ॲसिडमध्ये न विरघळणारं कोटिंग द्यायचं, की ते आतड्यापर्यंत बऱ्यापैकी शाबूत पोचतं. 1988 मध्येच सायनोॲक्रिलेटच्या नॅनोकॅप्सूल वापरून डायबेटिक उंदरांची साखर तोंडावाटे दिलेल्या इन्सुलिनने उतरवली होती!

खरी गंमत कायटोसानची. कोळंबी-खेकड्याच्या कवचापासून हे पॉलिमर बनवतात, पातळ ॲसेटिक ॲसिडमध्ये विरघळवून ढवळत ठेवायचं आणि ट्रायपॉलीफॉस्फेट (कायटोसानच्या साखळ्या एकमेकींना बांधणारं मीठ) थेंबथेंब सोडायचं, बघता बघता पारदर्शक द्रावणाला दुधी झाक येते, म्हणजे पार्टिकल झाले तयार. कायटोसानवर पॉझिटिव्ह चार्ज असतो म्हणून ते आतड्याच्या चिकट म्यूकसला धरून बसतं, शिवाय पेशींमधले घट्ट सांधे थोडा वेळ सैल करतं. पण लहान आतड्यात पीएच वाढला (ॲसिडपणा कमी झाला) की तो चार्जच जातो, म्हणून मग तिथेही चार्ज टिकवणारं ट्रायमिथाइल कायटोसान आलं. आणि चिकटणं तरी कुठे नुसतं चांगलं, कारण म्यूकसचा थर सारखा गळून नवा येत असतो, त्यात अडकलेला पार्टिकल त्याच्याबरोबरच वाहून जातो. पेग (पाण्यात विरघळणारं, न चिकटणारं पॉलिमर) लावून गुळगुळीत केला तर म्यूकस पार होतो पण मग पेशी त्याला सहज आत घेत नाही. एक सोडवावं तर दुसरं अडतं.

एवढं करून रक्तात पोचतो तो हिस्सा बहुतेक वेळा थोडाच. नोवो नॉर्डिस्क या औषध कंपनीच्या गोळीचा (नॅनोपार्टिकल नव्हते, शोषण वाढवणारं सोडियम कॅप्रेट होतं) टाइप 2 डायबेटिसच्या 50 पेशंटवरचा रिझल्ट 2019 मध्ये आला, 8 आठवड्यांत साखर ग्लार्जिन या दीर्घकाळ काम करणाऱ्या इन्सुलिनच्या इंजेक्शनइतकीच आटोक्यात, तरी काम थांबवलं, कारण डोस इतका मोठा लागत होता की तेवढं इन्सुलिन बनवणं परवडणारं नव्हतं.

तरीही याच्या मागे लागायलाच हवं असं मला मनापासून वाटतं, फक्त सुई टाळायला नाही. स्वादुपिंडातलं इन्सुलिन आधी यकृतात जातं, मग बाकी शरीरात. इंजेक्शनचं तसं होत नाही, आतड्यातून शोषलेलं मात्र त्याच वाटेने जाईल.

म्हणून इन्सुलिनच्या गोळीची नवी बातमी आली की मी सरासरी किती शोषलं ते नंतर बघते, आधी बघते की प्रत्येक प्राण्यात आकडा किती वरखाली झाला आणि उपाशीपोटी दिलं होतं की खाल्ल्यावर. समजा आज 2 टक्के शोषलं आणि उद्या 6, तर गोळी तीच पण डोस तिप्पट, आणि साखर एकदम खाली गेली तर माणूस बेशुद्ध पडू शकतो.