सकाळी कोर्ट, दुपारी पनीर

मी पुण्यात अन्न सुरक्षा अधिकारी आहे. नोकरीला लागलो तेव्हा आमचं पद अन्न निरीक्षक होतं आणि कायदा होता १९५४ चा भेसळ प्रतिबंधक. नवा अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ ला पास झाला पण प्रत्यक्षात लागू झाला ऑगस्ट २०११ मध्ये. मागच्या दिवाळीआधी एकाच दिवशी मला दोन्ही कायद्यांचं काम पडलं, आणि तो दिवस अजून डोक्यातून जात नाही.

सकाळी कोर्टात साक्ष, जुन्या कायद्याखालची केस. आरोपी घरोघर रतीब घालणारा गवळी, दुधात फॅट कमी निघालं होतं. तेव्हा पाणी घाला नाहीतर विष घाला, सगळी फौजदारी केसच, आणि शिक्षा साधारण किमान ६ महिने. नमुन्याचे ३ भाग करायचे, बाटलीत फॉर्मॅलिनचे थेंब, वर लाखेचं सील. वकील तासभर एकच विचारत होते, कॅन नीट ढवळलं होतं का, बाटली कोरडी होती का. गवळ्याचे केस पांढरे झालेत तारखा करता करता. पुन्हा पुढची तारीख.

तिथून निघालो तो थेट कात्रजकडच्या एका गाळ्यावर, टीप आली होती. आत दोन पोरं खोक्यातून पाकिटं काढून फाडत होती, पाकिटावर बारीक अक्षरात 'अ‍ॅनालॉग' छापलेलं, म्हणजे पनीरसारखंच दिसणारं पण दुधाच्या फॅटऐवजी वनस्पती तेल वापरलेलं. ते त्या नावाने विकलं तर गुन्हा नाही. पण इथे लादी ट्रेमध्ये, वर ओलं फडकं आणि ट्रेला स्टिकर 'ताजं मलई पनीर'! बोटात चुरडलं तर मेणासारखं चिकट लागलं. आयोडीन टाकलं, निळं झालंच नाही. लोक घरी ही टेस्ट करतात म्हणून मुद्दाम सांगतो, आयोडीन फक्त स्टार्च पकडतं, तेल पकडत नाही. त्याला लॅबमधलं बीआर रीडिंगच लागतं, म्हणजे फॅट दुधाचं आहे की तेलाचं ते ओळखणारी तपासणी.

पंचनामा केला, नमुना घेतला. आता ४ भाग करतात, मालकाने मागणी केली तर चौथा त्याच्या खर्चाने एनएबीएल मान्यता असलेल्या लॅबला जातो. अन्न विश्लेषकाला रिपोर्ट १४ दिवसांत द्यावा लागतो. उरलेला माल जप्त. मालक म्हणाला, "साहेब, हॉटेलवाल्यांना स्वस्तातलंच हवं असतं हो." बिलं काढायला लावली, त्यावर पुरवठादाराचा १४ अंकी लायसन्स नंबर होता, त्यावरून त्याच संध्याकाळी आमचे लोक त्याच्या गोडाऊनवर पोचले. जुन्या काळात माझ्या बहुतेक केसेस शेवटच्या विक्रेत्यावरच संपायच्या, माल बनवणारा क्वचितच सापडायचा. मला विचाराल तर नव्या कायद्याचा खरा फायदा हाच आहे.

रिपोर्टमध्ये माल कमी दर्जाचा निघाला. म्हणजे आता न्यायनिर्णय आमच्या सहआयुक्तांपुढे, दंड ५ लाखांपर्यंत, जेल नाही. जेल होते ती माल खाण्यास असुरक्षित निघाला तर. त्या गवळ्याला हा कायदा लागला असता तर त्याची वर्षं वाचली असती, हे बरोबरच आहे. पण लेबल फाडून रोज लोकांना फसवणाऱ्यालाही नुसता दंड, हे मला अजिबात पटत नाही, कारण असा माणूस दंडाची रक्कम भावात धरूनच धंदा करतो, आणि त्या बिलांवर ज्या हॉटेलांची नावं होती त्यांच्या मेन्यूवरही सरळ पनीरच लिहिलेलं होतं. त्यांनाही नोटिसा काढल्यात.